मोहीम आणि बंदोबस्त

मराठी वृत्तपत्रांच्या भाषेचा कोश करावयास कोणी बसला, तर 'युद्धपातळीवर' या शब्दास त्यात ऐसपैस जागा द्यावी लागेल, आणि त्याखाली दाखल्यादाखल जी वाक्ये उतरवावी लागतील त्यांतील एकही रणांगणावरचे नसेल. खचलेला पूल, तुंबलेला नाला, फुटलेली जलवाहिनी, राहून गेलेली मतदारयादी अशी सारी कामे आपल्याकडे युद्धपातळीवर चालतात. शांततेच्या पातळीवर एखादे काम चालले असल्याची वार्ता मात्र माझ्या वाचनात अद्याप आलेली नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराची तहान भागवणारे निळोणा आणि चापडोह हे जलाशय तळाला गेले आणि बेंबळा प्रकल्पाचे पाणी शहरापर्यंत आणण्याची निकड उभी राहिली, तेव्हाही हा शब्द कानी पडतच होता. आणि टँकरच्या वाटेकडे डोळे लावून रिकामे पिंप रांगेत एकेक पाऊल पुढे सरकवणाऱ्या माणसाला, आपण कोणत्या युद्धात आणि कोणाच्या बाजूने उभे आहोत, असा प्रश्न पडत नव्हता.

त्याला तो पडू नये हे स्वाभाविकच आहे. शब्दाचा मूळ अर्थ बाजूला सारून दुसरा घ्यावयाचा, तर त्याला रूढीचे तरी पाठबळ हवे, नाही तर काही प्रयोजन तरी हवे, असे 'काव्यप्रकाश'कार मम्मटाने सांगून ठेवले आहे. 'युद्धपातळी' हा शब्द आता केवळ रूढीवर जगतो; त्यातील युद्ध केव्हाच विझले आहे. या प्रकरणाचा विषय तो नव्हे. पाणी, झाड, कीड आणि वाघ यांच्याविषयी लिहिताना लेखक जेव्हा काही प्रयोजन मनात धरून शत्रू, आघाडी, हल्ला आणि विजय यांची योजना करतो, तेव्हा त्या योजनेने वाचकाचे आणि पाण्याझाडांचे नेमके काय होते, हे येथे पाहावयाचे आहे. आणि त्यासाठी यवतमाळइतका बोलका जिल्हा शोधून सापडावयाचा नाही.

मराठीला ही सवय इंग्रजीने लावली असे कोणी म्हणेल, तर ते खरे नव्हे. ज्या भाषेचे गद्य बखरींच्या अंगणात वाढले, तिच्या घरात लष्करी सामान असणारच. 'मोहीम' हा मूळचा अरबी शब्द. महत्त्वाचे काम एवढाच त्याचा अर्थ. फारसी दप्तरांतून तो दक्षिणेत आला, घोड्यावर बसला, आणि पुढे स्वच्छतेपासून वृक्षलागवडीपर्यंत सर्व कामांना पुरून उरला. किल्ल्याला वेढा घालणाऱ्यांनी बंदुकांसाठी बांधलेला आडोसा म्हणजे मोर्चा. आज तो कलेक्टर कचेरीवर जातो. शेतकऱ्याच्या पिकावर तर फौजाच चालून येतात. टोळांची 'धाड' पडते, आणि २०२० च्या मे महिन्यात ती अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांत खरोखरच पडली. मक्यावर २०१८ पासून दिसू लागलेल्या परदेशी अळीला कृषी खात्याने 'अमेरिकन लष्करी अळी' असे भारदस्त नाव दिले आहे.

पर्यावरणाच्या वृत्तांतात युद्धाच्या प्रतिमेचा सर्वांत गाजलेला प्रयोग मात्र परदेशातला. २८ एप्रिल २००८ च्या 'टाइम' साप्ताहिकाने आपली नेहमीची लाल चौकट त्या अंकापुरती हिरवी केली आणि मुखपृष्ठावर इवो जिमा या जपानी बेटावरचे सुप्रसिद्ध छायाचित्र घेतले. सैनिकांच्या हातांतील ध्वजाच्या जागी मात्र एक झाड बसवले, आणि तापमानवाढीविरुद्धचे युद्ध कसे जिंकावे याची चर्चा आत मांडली. मूळ छायाचित्र जो रोझेन्थाल याने २३ फेब्रुवारी १९४५ रोजी सुरिबाची डोंगराच्या माथ्यावर टिपलेले. ज्या बेटाच्या वाळूत आपले सोबती पुरले तेथले चित्र अशा कामी वापरलेले पाहून त्या लढाईतील काही वृद्ध सैनिक संतापले, आणि त्यांचा संताप मला समजतो. परंतु माझी अडचण वेगळी आहे. ध्वज रोवणे हे क्षणाचे काम आहे. रोवला की रोवला. झाड त्या क्षणी फक्त लावले जाते, ते जगले की नाही हे तिसऱ्या-चौथ्या वैशाखाखेरीज कळत नाही. आणि त्या छायाचित्रालाही इतिहास आहेच. तो ध्वज लढाईच्या पाचव्या दिवशी उभारला गेला. लढाई त्यानंतर महिनाभर चालली, आणि ध्वज उभारणाऱ्या सहा जणांपैकी तिघे त्याच बेटावर पडले. जे चित्र जगाने विजयाचे म्हणून भिंतीवर लावले, ते लढाईच्या आरंभाचे होते.

या प्रतिमेच्या पाठीराख्यांना मूर्ख ठरवणे सोपे असले तरी न्यायाचे नव्हे. युद्धात जी शिस्त, जो त्याग आणि जी एकजूट माणसे दाखवतात ती रक्तपाताशिवाय दाखवता येईल काय, हा प्रश्न विल्यम जेम्स या तत्त्वज्ञाने १९०६ साली एका व्याख्यानात विचारला आणि तरुणांची फौज निसर्गाविरुद्ध कामाला लावावी असे उत्तर दिले. ते १९१० साली छापून आले. त्याच व्याख्यानाचे शीर्षक उसने घेऊन राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १८ एप्रिल १९७७ रोजी इंधनाच्या काटकसरीला युद्धाचा नैतिक पर्याय म्हटले. त्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडली की मांजराचे 'म्याँव' होते, हे विरोधकांच्या लगेच ध्यानात आले, आणि वाघाच्या आवेशात केलेल्या भाषणाचे मांजर झाले, ही गोष्ट निराळी. तरीही युद्धाच्या भाषेला गुण आहे. स्टीफन फ्लसबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील काही वाचकांना हवामानबदलाचा मजकूर युद्धाच्या भाषेत दिला आणि काहींना शर्यतीच्या. पहिल्यांना प्रश्नाची निकड अधिक जाणवली. म्हणजे वाचकाला खडबडून जागे करावयाचे, तर रणशिंग चालते. जागा झालेला माणूस पुढे काय करतो, हा प्रश्न उरतो, आणि त्याच वर्षी यवतमाळच्या कपाशीत त्याचे एक भयंकर उत्तर मिळत होते.

कीटकनाशकांच्या बाबतीत युद्ध हे निव्वळ रूपक नाही. ती वंशावळ आहे. गेरहार्ट श्राडर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ १९३६ साली किडी मारणारे द्रव्य शोधत असता त्याच्या हाती जे लागले, ते 'टाबुन' नावाचे मज्जाघातक युद्धद्रव्य ठरले. आणि युद्ध संपल्यावर याच सेंद्रिय फॉस्फरसाच्या कुळातील सौम्य भावंडे शेतावर उतरली. मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस ही त्यांपैकीच. ही द्रव्ये दुसऱ्या महायुद्धाच्या पोटची आहेत, हे रॅचेल कार्सन हिने १९६२ साली 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये बजावले होते. अळीच्या शरीरात मज्जातंतूंचा निरोप पोहोचल्यावर तो पुसून टाकणारे एक विकर असते; हे विष त्या विकराला जखडून टाकते, निरोप पुसला जात नाही, आणि स्नायू अखंड थरथरत राहून शेवटी श्वास थांबतो. माणसाच्या शरीरातही नेमके तेच विकर आहे. म्हणून फवारणीने विषबाधा झालेल्या मजुराला जे ॲट्रोपिनचे इंजेक्शन देतात, तेच विषारी वायूच्या भयाने सैनिकांच्या झोळीतही दिलेले असते.

२०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत यवतमाळ जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने दगावले, आणि शेकडोंना रुग्णालयाची पायरी चढावी लागली. त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी कित्येक ठिकाणी पुरुषभर वाढली होती. पंप पाठीवर, नळी हातात, आणि दाट पानांत शिरलेला माणूस. नळीचे तोंड वर धरल्याखेरीज शेंड्यापर्यंत फवारा पोहोचेना, आणि वर धरलेला फवारा वाऱ्याच्या झुळकीबरोबर तोंडावर उलटे. दोन-तीन द्रव्ये एकाच बादलीत कालवलेली, अंगातला सदरा ओलाचिंब, आणि त्या उकाड्यात तोंडाला फडके बांधले तर श्वास कोंडे. विकत आणलेल्या डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो, आणि विषाची तीव्रता त्या क्रमाने उतरत जाते. मजुरीने फवारणाऱ्याच्या हाती पुष्कळदा तो डबा येतच नाही. त्याच्या वाट्याला कालवलेली बादली येते.

येथे एक शब्द थांबून पाहण्याजोगा आहे. कृषी खात्याची पत्रके, वृत्तपत्रांचे शेतीपान आणि कंपन्यांची जाहिरात यांच्या लेखी हे सारे किडींच्या 'हल्ल्या'वरचे 'नियंत्रण' आणि शत्रूकिडींचा 'नायनाट' असतो. शेतकरी त्या द्रव्याला काय म्हणतो? तो म्हणतो, औषध. 'औषध मारले', 'उद्या औषध मारायचे आहे.' पीक आजारी पडलेल्या लेकरासारखे आहे आणि त्याला दवा द्यावयाची आहे, ही त्या शब्दामागची भावना मला कोणत्याही रणगर्जनेहून अधिक सुसंस्कृत वाटते. परंतु तीच अधिक घातकही ठरते, हे मान्य केले पाहिजे. औषधाला कोणी भीत नाही. युद्धाच्या भाषेने निदान हत्यार हे हत्यार आहे एवढे तरी सांगितले असते. 'औषध' या शब्दाने विषाचे दात लपवले. लोकभाषा तेवढी शहाणी आणि वृत्तपत्रे तेवढी अडाणी, अशी सोयीची वाटणी करावयास गेलो की असा खडा दाताखाली येतो.

हल्ल्याच्या रूपकात अजून एक चूक दडली आहे. युद्धात शत्रूचे सैन्य कापले की तो दुबळा होतो. गुलाबी बोंडअळीचे तसे नाही. २००२ साली बीटी कापूस आला, पुढे त्यात दुसरे जनुक घालण्यात आले, आणि काही वर्षे अळ्या मेल्या. परंतु ज्या थोड्या मरावयाच्या राहिल्या त्यांचीच प्रजा पुढे वाढली, आणि २०१७ मध्ये विदर्भाची बोंडेच्या बोंडे आतून पोखरून निघाली. प्रत्येक चढाईगणिक ज्याची शिबंदी अधिक कसलेली होत जाते, असा शत्रू कोणत्याही बखरीत नाही. पऱ्हाटी वेळेवर उपटणे, फरदड, म्हणजे वेचणीनंतर तेच झाड राखून पुढचे पीक, न घेणे, बांधावर दुसरे पीक लावणे हे उपाय परिणामकारक खरे. पण त्यांचे छायाचित्र काढून मुखपृष्ठावर घालता येत नाही.

पुढच्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात, पांढरकवडा आणि राळेगावच्या टापूत, लष्करी भाषेने एक पायरी ओलांडली. जून २०१६ पासून तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका एका वाघिणीवर ठेवण्यात आला. मेलेले बहुतेक गुराखी आणि शेतावर जाणारे. जंगल म्हणजे अखंड अरण्य नव्हे, तर झुडपांचे तुकडे आणि त्यांच्यामध्ये घुसलेली कपाशी. वाघिणीला तीन नावे होती. वनखात्याच्या दप्तरी ती टी-१, शहरांतील प्राणिमित्रांच्या तोंडी 'अवनी', म्हणजे साक्षात पृथ्वी, आणि बोराटी गावच्या माणसाच्या तोंडी नुसती वाघीण. सप्टेंबर २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आणि त्यापाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाने तिला पकडण्याच्या अथवा ठार करण्याच्या वनखात्याच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अकराव्या कलमात 'नरभक्षक' असा शब्द नाही. 'मानवी जीवितास धोकादायक' असे सपक पण नेमके शब्द आहेत. वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी मात्र 'नरभक्षक' हाच शब्द घट्ट धरला, आणि एकदा तो धरल्यावर बाकीचे रणसाहित्य आपोआप गोळा झाले: शार्पशूटर, ड्रोन, ठिकठिकाणी लावलेले कॅमेरे, पॅराग्लायडर, शिकारी कुत्रे, हत्ती, आणि ज्याच्या वासाने वाघीण ओढली जावी असे परदेशी अत्तर.

या सरंजामातील एका हत्तीची हकीकत सांगितली पाहिजे. ताडोब्याहून आणलेला हत्ती ऑक्टोबरच्या आरंभी साखळदंड तोडून निघाला आणि त्याने राळेगाव तालुक्यातील चाहांद या गावी एका बाईचा बळी घेतला. वाघिणीपासून गावे वाचवण्यासाठी जे आणले त्यानेच गावातले माणूस मारले, ही घटना मोहिमेच्या वृत्तांतात एखाद्या चौकटीत आली आणि गेली. युद्धाच्या कथेत आपल्याच तोफेने मेलेल्यांना बहुधा तेवढीच जागा मिळते.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री वाघीण गोळीने मेली. दिवाळी तोंडावर होती. गावांत फटाके वाजले, पेढे वाटले गेले. मुंबई-दिल्लीत निषेध झाले, केंद्रीय मंत्री मेनका गांधी यांनी या हत्येवर कठोर शब्दांत टीका केली, राज्याचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी खात्याची बाजू मांडली. रात्री गोळी का झाडली, गुंगीचे इंजेक्शन आधी मारले की नंतर, यावर बराच खल झाला. तो खल व्हावयास हवाच होता. परंतु ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, दोन्ही पक्ष एकाच कथेत बसले होते: एकाच्या लेखी शत्रू ठार झाला होता, दुसऱ्याच्या लेखी वीरांगना धारातीर्थी पडली होती. तिचे दोन बच्चे मागे राहिले होते. त्यांपैकी मादी डिसेंबरात पकडून पेंचला नेण्यात आली, मार्च २०२१ मध्ये जंगलात सोडण्यात आली, आणि पंधरा दिवसांच्या आतच मेली. तोपर्यंत वार्ताहरांच्या छावण्या उठून गेल्या होत्या.

याच टापूला लागून टिपेश्वरचे अभयारण्य आहे. तेथला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन, जून २०१९ मध्ये निघाला आणि शेते, नाले, रस्ते तुडवीत, कधी तेलंगणात शिरून तर कधी मराठवाड्यातून, सुमारे तेराशे किलोमीटर हिंडून डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोहोचला. वाटेत त्याने गुरे मारली. माणसाचा जीव गेला नाही. वृत्तपत्रांनी त्याची हकीकत प्रवासवर्णनासारखी लिहिली, 'वॉकर' असे नाव दिले, आणि हा वधूच्या शोधात निघाला आहे असा तर्कही लढवला. वधूशोधाचे रूपकही माणसाळलेलेच आहे, मला ठाऊक आहे. पण या कथेत शत्रू नव्हता म्हणून नकाशाला जागा मिळाली. दोन जंगलांना जोडणारी वाट कुठे तुटली आहे, हे सामान्य वाचकाने त्या निमित्ताने पाहिले.

पांढरकवड्याच्या गावकऱ्यांची मागणी काय होती? वाघाचा बंदोबस्त करा. हा फारसी शब्द बांधणे आणि आवळणे यांतून आलेला; मराठीत त्याचा अर्थ व्यवस्था, तजवीज, पहारा. तो निरागस शब्द आहे असे मी म्हणत नाही. 'त्याचा बंदोबस्त करतो' असे दात खाऊन म्हटले की काय अभिप्रेत असते हे सर्वांस कळते, आणि तेरा प्रेते पाहिलेल्या गावाच्या मनात गोळी नव्हतीच असे म्हणणे दांभिकपणाचे होईल. परंतु बंदोबस्ताच्या पोटात गोळीबरोबर आणखीही पुष्कळ मावते: गुरे चारणारा एकटा जाऊ नये, सरपणाऐवजी गॅस मिळावा, कुंपण व्हावे, नुकसानीचा पंचनामा त्याच आठवड्यात व्हावा. मोहिमेच्या पोटात यांतले काहीच मावत नाही, कारण मोहीम फत्ते व्हावी लागते, आणि ती फत्ते झाली की फौजेने घरी जावयाचे असते.

याच जिल्ह्यातील गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ चा दुष्काळ पडला. दुष्काळाशी झुंज, दुष्काळावर मात हे शब्द तेव्हाही होतेच. परंतु त्या दिवसांतून जे टिकून राहिले, त्याचे नाव रोजगार हमी योजना. मूळ कल्पना वि. स. पागे यांची, १९७७ साली तिचा कायदा झाला. मे १९७३ मध्ये सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत आणि बांध घालत होती. 'हमी' हा जामीनकीच्या कागदावरचा शब्द. त्यात डंका नाही, पण तो देणाऱ्याला बांधून ठेवतो, आणि काम मागणाऱ्याच्या हाती काही हक्क देतो. याउलट आपल्या काळात लोकांची 'हरित सेना' निघाली, आणि शासनाची वृक्षलागवडीची उद्दिष्टे २०१६ मध्ये दोन कोटी, मग चार, मग तेरा, आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी अशी फौजेच्या चालीने वाढत गेली. लावणाऱ्यांचे छायाचित्र १ जुलैला निघते. पाणी घालणाऱ्याचे एप्रिलात निघाल्याचे मी पाहिलेले नाही.

कार्तिकात या भागात कापसाची पहिली वेचणी होते. त्याआधी शेतात सीतादहीची पूजा मांडून दहीभात ठेवतात, मग ओटी बांधून बाया तासात शिरतात. तूर फुलोऱ्यात असते, आणि रात्री तिच्यावर रोही आणि रानडुकरे येतात. म्हणून पुरुष जागलीला जातात. चार मेढींवर बांधलेला माळा, खाली शेकोटी, हाताशी टॉर्च आणि वाजवायला पत्र्याचा एक डबा, एवढा तिचा सरंजाम. वाघिणीच्या दहशतीत ठिकठिकाणी जागल बंद पडली होती, आणि डुकरांनी उभी पिके लोळवली होती. वाघीण मेल्यावर माळे पुन्हा बांधले गेले. हातात काठी घेऊन दोघे-दोघे, मोठ्याने बोलत, माणसे अंधारातून शेतावर जाऊ लागली, आणि मध्यरात्रीनंतर एका शिवारातला डबा वाजला की शेजारच्या शिवारातून दुसरा वाजू लागला.